निघालो आणि पोचलो

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण गणित काही सुटत नाही. 'सुटत नाही'चे दोन्ही अर्थ घ्यायला हरकत नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून अंकगणित शिकवलं, आणि त्यातला माझा लाडका धडा 'काळ, काम, वेग'. अ आणि ब या दोन गावांतलं अंतर अमुक किलोमीटर. एक गाडी अ गावाहून सुटते, दुसरी ब गावाहून. तर त्या एकमेकींना कुठं आणि किती वाजता भेटतील? हे फळ्यावर लिहून खडू खाली ठेवला की मागच्या बाकावरून एखादा हमखास विचारायचा, "सर, रूळ एकच असल तर?" वर्ग हसायचा. मी त्याला तास संपेपर्यंत उभं करायचो. त्या पोरांची आता माफी मागायला हवी. ती का, ते पुढे येईल.

२०२४ च्या डिसेंबरात हा धडा माझ्याच घरात येऊन बसला. आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. ऐंशी वर्षं आठ महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या, असं गुरुजींनी सांगितलं. माझ्यातला मास्तर गप्प बसेना. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त काळ जातो. त्याला हजाराने गुणलं तर ऐंशी वर्षं दहा महिने होतात. दोन चंद्र कमी पडत होते. आईला तसं सांगितलं. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अधिक महिने धरलास का?" अधिक महिन्यांनी या गणिताचं उत्तर बदलत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते तिला पटवून देण्यापेक्षा दोन चंद्र सोडून देणं सोपं होतं.

कार्यक्रमाला थोरला मुलगा दिल्लीहून, मुलगी बेंगळुरूहून येणार होती. आमच्या परभणी जिल्ह्यात तालुके नऊ आहेत, कृषी विद्यापीठ आहे, जनाबाईचं गंगाखेड आहे, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीचा दावा आहे. विमानतळ मात्र नाही. पूर्वेला नांदेड, पश्चिमेला चिकलठाणा. चिकलठाण्याचं शहर कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण विमानतळाला आम्ही पहिल्यापासून गावाच्याच नावाने ओळखतो. मुलीचं विमान नांदेडला उतरणार होतं, मुलाचं चिकलठाण्याला. दोघंही दुपारी बाराच्या आगेमागे. दोघांनीही तिथून परभणीला यायचं.

आदल्या रात्री नातवाचा फोन आला. सहावीत आहे. "आजोबा, नांदेडचं एअरपोर्ट ते औरंगाबादचं एअरपोर्ट किती लांब? आणि तुमचं घर मधे कुठं? आत्या आधी पोचेल का आम्ही? आमची शंभर रुपयांची पैज लागलीय."

अ आणि ब. आयुष्यभर ज्यांना फळ्यावर लिहिलं, ती दोन गावं स्वतःहून घरी फोन करत होती.

मी जुना नकाशा आणि पट्टी काढली. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर भरलं सुमारे २१५ किलोमीटर. पट्टी परभणी गावावरून जाईल अशी आशा होती. तीही गेली नाही. दहा-बारा किलोमीटर उत्तरेकडून, जिंतूरच्या वाटेवरच्या झरीच्या आसपासून रेषा निघून गेली. म्हणजे उद्या कुणी या दोन विमानतळांमध्ये थेट विमान उडवलं, तरी ते परभणीवरून जाणार नाही. परभणीला वळसाच घालील. सवय आहे.

आणि असं विमान उडालं तरी त्यात बसण्यात राम नाही. पंख्याचं छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे हिशेबाने पंचवीस-सव्वीस मिनिटं. पण विमानाला वर चढायला वेळ लागतो आणि उतरायला त्याहून जास्त. वैमानिकांचा एक ढोबळ नियम आहे: हजार फूट खाली यायचं तर तीन सागरी मैल आधीपासून उतरायला लागायचं. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वीस हजार फुटांवरून उतरायचं तर ११० किलोमीटर आधीच नाक खाली करावं लागतं. २१५ तले ११० उतरण्यात गेले, उरलेले बहुतेक चढण्यात. परभणी जिल्हाभर विमान चढत राहणार आणि जालना जिल्हाभर उतरत राहणार. खुर्चीचा पट्टा सोडायला परवानगी मिळते न मिळते तोच परत आवळा. सेलूच्या वर चहा मागितलात तर तो परतूरच्या वर अंगावर सांडेल.

बरं, थेट विमान नसेल तर? तर विमानानेच जायचा हट्ट असलेल्याने नांदेडहून आधी हैदराबादला जावं, तिथं बसावं, आणि दुसऱ्या विमानाने चिकलठाण्याला यावं. मी तेही मोजलं. नांदेड ते हैदराबाद सुमारे २४५, हैदराबाद ते चिकलठाणा सुमारे ४३०. पावणेसातशे किलोमीटर उडून माणूस २१५ किलोमीटर सरकला. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच, आणि दिशाही अगदी बरोबर. या दुसऱ्या टप्प्याची रेषा नकाशावर परळी वैजनाथावरून जाते. म्हणजे ज्योतिर्लिंगाला आकाशातून नमस्कार फुकट.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला कोर्ट, कॉलेज, मोठं दुकान, काय पाहिजे असेल ते हैदराबादेत. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली. पण उडान योजनेची अगदी पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून झेंडा दाखवून सोडली, त्यात आमच्या भागाच्या वाट्याला आलं ते नांदेड–हैदराबादच. मुक्ती मिळाली, वाट तीच राहिली. त्या योजनेत साधारण एक तासाच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली होती. तास आणि किलोमीटर एकमेकांच्या जागी चालतात, हे सरकारने लेखी मान्य केलेलं मला पहिल्यांदा तिथं दिसलं. आमच्याकडे ते पूर्वीपासून मान्य आहे. "मानवत किती लांब?" विचारलं तर कुणी किलोमीटर सांगत नाही. "हे काय, आलंच," म्हणतात. आलंच हे अंतराचं सर्वात लहान माप. त्याहून मोठं 'आलंच की'. आणि 'आता आलंच समजा' म्हणाले, तर पाण्याची बाटली भरून घ्यावी.

मानवतचं नाव आलंच आहे तर सांगतो. आमच्या लोहमार्गावर मानवत नावाचं स्टेशन नाही; मानवत रोड आहे. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसलं की ओळखावं, गाव इथं नाही, गावाला जाणारा रस्ता इथं आहे. केवढा हा प्रामाणिकपणा! विमानतळांनी तो दाखवला तर तिकिटावर 'परभणी रोड' म्हणून दोन विमानतळ छापावे लागतील.

या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर चिकलठाण्याकडून नांदेडकडे रेल्वेने यायचं, तर संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटर आणि तिथून नांदेड साठाला एखादा कमी. गाडीचा वेग, अंतर, सगळं फळ्यावर मांडता येतं. मग गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात थांबते. फलाटावर एक कडुनिंब, एक पाण्याची टाकी, एक कुत्रं. दहा मिनिटं होतात, वीस होतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. फक्त वरच्या बाकावर झोपलेला माणूस डोळे न उघडता म्हणतो, "क्रॉसिंग." मग समोरून एक गाडी धडधडत येते, तिच्यातली माणसं आपल्याकडे बघतात, आपण त्यांच्याकडे, आणि दोन्ही गाड्या आपापल्या वाटेला लागतात. अ गावाची आणि ब गावाची गाडी कुठं भेटते, याचं खरं उत्तर हे. परभणीच्या पूर्वेला मुदखेडपर्यंत आता दुहेरी रूळ झाला. पश्चिमेच्या १७७ किलोमीटरला दुहेरीकरणाची केंद्राची मंजुरी मिळायला ३१ जुलै २०२५ उजाडावा लागला. माझ्या सगळ्या नोकरीत मी दोन रुळांची गणितं घातली आणि मागच्या बाकावरची पोरं एका रुळावर बसून ती सोडवत होती.

परभणीबद्दल दोन म्हणी सगळ्या महाराष्ट्रात फिरतात. एक, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. दुसरी, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. पहिलीत आम्ही शेवटचा पर्याय आहोत आणि दुसरीत थेट जर्मनीच्या रांगेत. मधली पायरी आम्हाला कुणी दिलीच नाही. या दुसऱ्या म्हणीचं मी एकदा गणित केलं होतं. फ्रँकफुर्ट ते मुंबई साडेसहा हजार किलोमीटर. विमान आठ-साडेआठ तासांत आणतं. मुंबई ते परभणी साडेपाचशे किलोमीटर. रात्रीची रेल्वे अकरा-बारा तास घेते. म्हणजे मुंबईला परभणीपेक्षा जर्मनी जवळ आहे. म्हण रचणाऱ्याने हे मोजलं नसेल, नुसतं यमक जुळवलं असेल. पण यमकालासुद्धा कधी कधी भूगोल कळतो.

हे सगळं नातवाला फोनवर सांगायला लागलो, तर पलीकडून त्याच्या आईचा आवाज आला की तो झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी ओसरीत झोपाळ्यावर वही घेऊन बसलो. रस्त्याने नांदेडहून वसमतमार्गे पंचाहत्तर किलोमीटर. चिकलठाण्याहून जालना, मंठा, जिंतूर करत दोनशेच्या आसपास. मोबाइलमधल्या बाईने मुलीला पावणेदोन तास दिले होते, मुलाला चार. निकाल उघड होता. नातवाचे शंभर रुपये गेल्यात जमा धरून मी पाकिटात एक नोट बाजूला काढून ठेवली, आजोबांकडून भरपाई म्हणून.

मुलाचं कुटुंब साडेचारला अंगणात उतरलं. वाटेत कुणाच्याही घरी थांबले नव्हते. पूर्वी संभाजीनगरात आमची दोन घरं होती, चुलतभावाचं आणि मावसबहिणीचं. दोघंही मुलांमागे पुण्याला गेले. जालन्यात ओळखीचं कुणी नाही. मंठ्यात एकदा चहा, जिंतुरात तोही नाही. नातू उड्या मारत आत आला. "आत्या आली?"

आत्या आली नव्हती. कारण तिलाही एक आत्या होती.

माझी बहीण नांदेडला राहते. एक वाजता तिचा फोन आला होता, "आली बरं का तुझी लेक. निघालोच आम्ही." हे 'आम्ही' ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. बहीणही कार्यक्रमाला येणारच होती, ती भाचीबरोबर निघणार होती. पण नांदेडात उतरून गुरुद्वाऱ्यात माथा टेकल्याशिवाय कसं जायचं? टेकला. लंगर झालं. मग लंगर झाल्यावर घरी येऊन जेवली नाही तर आत्याला काय वाटेल? जेवली. अडीच वाजता फोन, "निघायलोच बघ." साडेतीनला, "निघालो. लोणच्याची बरणी तेवढी बांधायलो." सव्वाचारला, "निघालो म्हणजे काय, पाय बाहेरच आहे माझा. शेजारीण आली ओटी भरायला." पाच वाजता मुलीने आत्याच्या नकळत मला एक संदेश पाठवला. त्यात एकच शब्द होता: 'क्रॉसिंग'.

आमच्या गावची काळी कमान ओलांडून त्यांची गाडी दारात आली तेव्हा सात वाजले होते. गाडीतून मुलगी, बहीण, तीन पिशव्या, लोणच्याची बरणी आणि आईसाठी नऊवारी लुगडं उतरलं. पंचाहत्तर किलोमीटरला सात तास. नातवाने पैजेचे शंभर वसूल केले, आणि बाजूला काढलेली नोटही त्याने मागून घेतली, ती भरपाईची होती हे कळल्यावरसुद्धा.

रात्री मी वहीत एक नवं सूत्र लिहिलं. काळ बरोबर अंतर भागिले वेग, अधिक आत्या. हे 'अधिक आत्या' पुस्तकात नाही म्हणून आमची सगळी उत्तरं चुकायची. रस्त्याकडेला जितकी आपली घरं, तितका रस्ता लांब. पण त्याला दुसरीही बाजू होती. ती मुलाच्या बोलण्यातून कळली. जेवताना तो म्हणाला, "रस्ता चांगला होता बाबा, पण कंटाळा आला. कुठं उतरावं असं वाटेचना." दोनशे किलोमीटर चार तासांत कापून तो म्हणत होता की अंतर फार वाटलं. सात तास लावून आलेली माझी मुलगी मात्र आत्याच्या सूनबाईची नवी नोकरी, शेजारणीच्या मुलाचं लग्न आणि लंगरातल्या डाळीची चव एका दमात सांगत होती. तिला विचारलं, किती वेळ लागला ग? म्हणाली, "कुठं? नांदेड म्हणजे काय, आलंच."

मग निघालं कशाला म्हणायचं आणि पोचलं कशाला, हा वाद सुरू झाला. विमानवाल्यांनी तो कधीच मिटवलाय. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात, उतारावर उभ्या बैलगाडीला आपण दगड लावतो तसे. ते काढून विमान हललं की ते निघालं. दुसऱ्या गावी परत लावले की पोचलं. मधल्या वेळेला प्रवास म्हणायचं. आकाशात किती, धावपट्टीवर किती, त्याच्याशी देणंघेणं नाही. बहिणीला ही व्याख्या सांगितली. ती म्हणाली, "मग मी एकलाच निघाले होते. बरणी म्हणजे ठोकळाच की."

आईची व्याख्या वेगळी आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. तळहातावर दही-साखर ठेवली की माणूस निघाला. 'पोचलो' असा फोन आला की पोचला. आणि या दोन्हींच्या मधे घरातला केर काढायचा नाही. माणूस वाटेत असताना मागे केरसुणी फिरवू नये, एवढंच ती सांगते. का, ते सांगत नाही. फोन नव्हते तेव्हा हा नियम अंदाजाने चालायचा. वडील कामाला पूर्णेला गेले की एका गाडीच्या वेळेपुरता केर थांबे. मुलगी पहिल्यांदा शिकायला पुण्याला गेली तेव्हा रात्रभर थांबला. बेंगळुरूला नोकरी लागल्यावर ती रेल्वेने जायची, तेव्हा दीड-दीड दिवस घरात पाय ठेवला की खाली काहीतरी कुरकुरायचं, आणि माझी बायको केरसुणीकडे बघून कुरकुरायची. नांदेडहून बेंगळुरूला विमान सुरू झालं, तेव्हा घरात सर्वात जास्त आनंद तिला झाला. "आता कसं, सकाळी गेली की दुपारी केर." विमानसेवेचं यापेक्षा नेमकं मोजमाप मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

आईचा एकदा मीही उपहास केला होता. आत्ताच्या काळात असलं काय धरून बसतेस, म्हणून. ते १९९३ सालच्या एप्रिलच्या आधी. त्या महिन्याच्या २६ तारखेला मुंबईला निघालेलं एक विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उठता उठता पलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या ट्रकला धडकलं. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. ५५ माणसं गेली. आमचा मुलूख कापसाचा. ट्रकमागून ट्रक गाठी घेऊन जाताना आम्ही जन्मभर बघतो, त्यांच्याकडे कधी मान वळवून पाहत नाही. त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी ऐकल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "कुणाकुणाच्या घरी केर तसाच असंल आज." त्यानंतर मी या विषयावर तोंड उघडलं नाही.

कार्यक्रम छान झाला. आईला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. नातवाने गूगलवर बघून सांगितलं की चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे. आई म्हणाली, "एवढा लांब असून हजारदा दिसला, आणि तुझा बाप वर्षातून एकदा." मुलगा खाली मान घालून हसला. दिल्ली इथून चंद्रापेक्षा बरीच जवळ आहे, हे सांगायची वेळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर पडली. आईचा हात आता थरथरतो. निम्मं दही मनगटावर ओघळतं आणि ज्याचा हात असेल तो ते चाटून घेतो, साठीच्या माझ्या बहिणीसकट. मुलाची गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली, मुलगी आणि बहीण वसमतच्या. अ गावाला एक, ब गावाला एक. पुस्तकात गाड्या फक्त एकमेकींकडे येतात असं नाही. पुढच्या उदाहरणात त्या विरुद्ध दिशांना जातात आणि दर तासाला त्यांच्यातलं अंतर किती वाढतं ते काढायचं असतं. ते उदाहरण मी वर्गात नेहमी घाईघाईत उरकायचो.

घरात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, वातींची काजळी, झोपाळ्याखाली नातवाच्या बिस्किटांचा चुरा. बायकोने केरसुणी कोपऱ्यात उभी करून ठेवली होती, धावपट्टीवर परवानगीची वाट बघणाऱ्या विमानासारखी. आईच्या नियमाला एक पोटनियम आहे: दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या आत दोन्ही फोन यायला हवेत.

पाचला मुलाचा आला. पोचलो, घरी आहोत. दुसरा येईना. मुलीच्या विमानाला उशीर झाला होता. ती नांदेडहूनच उडाली नव्हती; आत्याच्या घरी परत जाऊन बसली होती. पावणेसहा वाजले. आईने देवापुढे दिवा लावला. बायकोने केरसुणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत निघून गेली.

रात्री सव्वाअकराला फोन वाजला. आई जागीच होती. "पोचली का?" "पोचली." "घरात गेली का कुलूप उघडून?" मी परत फोन लावून विचारलं. गेली होती. मग तिने चष्मा काढून उशाशी ठेवला.

आता या मार्गावर नवी गाडी आली आहे. मुंबई–जालना वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून नांदेडपर्यंत धावू लागली, आणि परभणीचा माणूस पहाटे निघून दुपारच्या चहाला मुंबईत असतो. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाचीही आखणी झाली आहे, सुमारे १७९ किलोमीटर, आमच्याच जिल्ह्यातून. अंतरं कमी होतील. आमच्या बायकोचा केर लवकर निघेल. बहिणीकडे लोणच्याची बरणी दर वर्षी नवी असते, त्यामुळे सूत्रातली आत्या कायम राहील.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी बायको उजाडताच झाडायला लागली. अक्षता गेल्या, पाकळ्या गेल्या. झोपाळ्याशी आली तेव्हा आई म्हणाली, "तिथलं राहू दे ग. मुंग्या नेतील." बायको न बोलता झोपाळ्याला वळसा घालून पुढे गेली, नकाशावरची रेषा परभणीला घालते तसा.

तेवढ्यात नातवाचा फोन. उत्तर अजून मिळालं नव्हतं त्याला. मी वही उघडून वाचून दाखवलं: "विमानाने २१५. हैदराबादमार्गे पावणेसातशे. रस्त्याने, आपल्या घरावरून, पावणेतीनशे." तो म्हणाला, "आणि वेळ?"

मी खाली बघितलं. उंबऱ्याच्या फटीतून निघालेली मुंग्यांची ओळ झोपाळ्याखालच्या चुऱ्यापर्यंत पोचली होती, आणि समोरून चुरा घेऊन परतणाऱ्या मुंग्यांना वाट द्यायला प्रत्येक मुंगी क्षणभर थांबत होती.

"वेळ काढतोय," मी म्हणालो. "रूळ एकच आहे."